शेपूट कुमुदताईंचं

कुमुदताईंच्या घोड्याशी माझी पहिली भेट त्यांच्या संडासात झाली. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, जरा सभ्य करून पाहिलं, पण भेट खरंच तिथेच झाली, त्याला मी काय करू!

मी तेव्हा चोवीस वर्षांची, चिंचवडहून थेट आइंडहोवनला येऊन पडलेली, चिप बनवायच्या मशिनांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. टेस्टर म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. स्वतःच्या चुका शोधणारं डिपार्टमेंट तिथे नव्हतं, त्यामुळे माझ्या चुका थेट प्रॉडक्शनला जायच्या. त्यातली सगळ्यात मोठी पुढे येतेच आहे.

तर, माझा टीम-लीड अनिकेत म्हणाला की गावाच्या कडेला एक मराठी बाई एकट्या राहतात, वरची खोली भाड्याने देतात, जाऊन बघ. मी गेले. थंडी, सायकल, दोन कप कॉफी. पोचल्या पोचल्या पहिला प्रश्न विचारला तो बाथरूम कुठे हाच. आता डच लोक वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात, रोज नजर पडावी म्हणून. कुमुदताईंकडे त्या कॅलेंडरशेजारी एक फोटो होता. हिरव्यागार डोंगरावर पांढऱ्या रेघांचं लांबलचक काहीतरी. पाय चार, पण त्यातले दोन अंगाला चिकटलेलेच नाहीत. तोंडाच्या जागी चोच. मी बाहेर आले आणि चांगली भाडेकरू वाटावं म्हणून म्हणाले, "किती गोड आहे हो तुमचा कुत्रा!"

कुमुदताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तीन हजार वर्षांत त्याला ड्रॅगन म्हणून झालं, मांजर म्हणून झालं. कुत्रा म्हणणारी तू पहिली. बस."

मी बसले. त्यांनी डबा उघडून मला एक बिस्किट दिलं आणि लगेच झाकण लावलं, हे डच. मग म्हणाल्या, "चहा तुला नकोच असेल ना?" हे पुणेरी. पुण्यात वाढून हॉलंडमध्ये तीस-एक वर्षं काढलेली बाई म्हणजे काय प्रकार असतो याची मला तोवर कल्पना नव्हती. दोन्हीकडचा फटकळपणा एकाच बाईत! मी भीतभीत "काकू" म्हणाले तर, "काकू नको. तुझ्या काकाशी माझं लग्न झालेलं नाही. कुमुदताई म्हण. आणि कुठली तू? चिंचवड? म्हणजे पुणं नव्हे."

"आइंडहोवन म्हणजे तरी कुठे अ‍ॅमस्टरडॅम," मी म्हणाले. तोंडातून गेलंच. त्या थांबल्या, डबा परत उघडला आणि दुसरं बिस्किट दिलं. खोली मिळाली.

त्या संध्याकाळी मला तो घोडा पहिल्यांदा ऐकायला मिळाला, आणि नंतर दर आठवड्याला. इंग्लंडच्या दक्षिणेकडे काही डोंगर खडूचे आहेत. वर थोडी माती आणि गवत, खाली पांढरं. त्यातल्या एका डोंगरावर कुणीतरी, कधीतरी, चर खणले आणि त्यात खडू कुटून कुटून भरला, असा की खालच्या खोऱ्यातून घोडा दिसावा. कुणी काढला, का काढला, कुणालाच पत्ता नाही. कुणी म्हणतं एका राजाने लढाई जिंकली म्हणून. कुमुदताई म्हणायच्या, "राजा जन्मायच्या कितीतरी आधीपासून घोडा आहे, पण राजे असलं श्रेय सोडतात होय!" खालच्या टेकाडावर एका संताने ड्रॅगन मारला, त्याचं रक्त सांडलं तिथे अजून गवत उगवत नाही. जवळच्या जुन्या दगडी थडग्यात एक अदृश्य लोहार राहतो, रात्री घोडा बांधून गेलात तर सकाळी नाल ठोकलेले मिळतात. घोड्याच्या डोळ्यावर उभं राहून गिरक्या घेतल्या की मनातलं होतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: रात्री हा घोडा उठतो आणि खालच्या दरीत चरायला जातो.

"कुणी पाहिलाय?" मी विचारायचे.

"पाहायला कोण जागं राहतं? सगळे दमलेले असतात. दिवसभर घासून."

कारण खरी गंमत त्या घासण्यात होती. खडूवर गवत चढतं. काही वर्षं लक्ष दिलं नाही की घोडा गायब. म्हणून आसपासची माणसं दर थोड्या वर्षांनी डोंगरावर जमून गवत खुरपायची, नवा खडू कुटून भरायची, आणि मग जत्रा, खेळ, दारू, मारामाऱ्या. युद्धाच्या वेळी शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून तो मुद्दाम गवताने झाकला होता म्हणे, आणि नंतर परत उघडला. आता जत्रा नाही, पण उन्हाळ्यात हौशी लोक हातोडे घेऊन जमतात. त्यात दरवर्षी हॉलंडहून बोटीने येणाऱ्या एक बाई होत्या.

याची सुरुवात म्हणजे गाडी बंद पडणं. कुमुदताई आणि त्यांचे यजमान नवीनच इकडे आलेले, इंग्लंड बघायला निघाले, आणि नेमकी त्या डोंगराखाली गाडीने मान टाकली. यजमान बॉनेट उघडून उभे. या वर चालत गेल्या, माणसं गुडघ्यावर बसून काय कुटतायत ते बघायला. कुणीतरी हातोडा दिला. संध्याकाळी गाडी सुरू झाली तेव्हा यजमानांना त्यांना शेपटावरून ओढून खाली आणावं लागलं. "ते गाडीपाशी, मी घोड्यापाशी. पुढेही आमचा संसार तसाच झाला, चांगला झाला," त्या म्हणायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेपूट चालू होतं.

शेपूट हे त्यांचंच. तिथे तसं काही लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आणि हातोडाही त्यांना तिथला चालायचा नाही. पुण्याहून लग्नात आणलेल्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन त्या जायच्या. बाकीचं वर्षभर त्याच बत्त्याने वेलदोडे कुटायच्या. चहात कधी खडूची चव लागली तर मी बोलायचे नाही.

बाकी त्यांची मुख्य सवय म्हणजे दुरुस्ती करणं. डच शाळेत भूगोल शिकवलेला, निवृत्त झाल्या तरी शिकवणं निवृत्त होईना. सुपरमार्केटमध्ये पाटीवर "भारतीय लसूण" लिहिलेलं असलं तर मॅनेजरला बोलावून लसूण कुठला ते सांगायच्या. मी जेवताना लॅपटॉपवर मैत्रिणीशी चॅट करायचे, खडखडखडखड, तर म्हणायच्या, "टायपिस्ट, आधी विचार कर, मग बडव." टायपिस्ट हे माझं नाव पडलं ते पडलंच. इंजिनिअर आहे मी, असं सांगून पाहिलं. "हो ना. इंजिनिअर टायपिस्ट."

माझ्या दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उजवा गुडघा नवीन बसवला. खालच्या बैठकीच्या खोलीत पलंग आला, कारण डच जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. मार्लूस नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली, माझ्याच वयाची, दिसायला गोड आणि कामाला कडक. तिने स्वच्छ सांगितलं: रोज वाकवा, रोज चाला, नाहीतर हा गुडघा असाच आखडून बसेल. नीट केलंत तर उन्हाळ्याच्या शेवटी बोट, घोडा, सगळं जमेल. फक्त गुडघे टेकायचे नाहीत, स्टुलावर बसायचं. कुमुदताई पहिले काही आठवडे तिच्याशी भांडत भांडत का होईना, चालल्या.

मग एक दिवस इंग्लंडहून फोन आला. तिकडच्या घोडेवाल्या मंडळींपैकी कुणीतरी, फार प्रेमाने: या वर्षी तुम्ही अगदी आराम करा, काळजी करू नका, शेपूट आम्ही एका चुणचुणीत विद्यार्थ्याला दिलंय.

कुमुदताईंनी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. "दिलं," एवढंच मला म्हणाल्या.

त्यानंतर त्या खिडकीपाशी बसल्या त्या बसल्याच. पलंग ते स्वयंपाकघर, बास. मार्लूस आली की "आज नको." मला आधी कळलंच नाही किती वाईट चाललंय ते. एके दिवशी मी मुद्दाम म्हणाले, "कुमुदताई, तो घोडा त्या राजानेच काढला ना, लढाई जिंकल्यावर?" आणि त्या "हं" म्हणाल्या. दुरुस्त केलं नाही! मी वर जाऊन अनिकेतला फोन लावला आणि रडले.

मार्लूसचं म्हणणं होतं, त्यांना उठायला कारण पाहिजे. झालं. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की आजूबाजूच्यांनी पळावं हे अनिकेतला तेव्हा माहीत नव्हतं.

कुमुदताईंच्या खिडकीसमोर एक तळं आणि तळ्यापलीकडे मातीचा लांब उंच बांध. त्याच्यामागे हायवे. गाड्यांचा आवाज अडवायला घातलेला बांध, गवताने झाकलेला. हॉलंडमध्ये डोंगर नाहीत, आमच्या भागात तर उंच म्हणावं असं तेवढंच. त्या उतारावर घोडा काढायचा! सकाळी पडदा सरकवला की समोर घोडा! त्या बघायला उठतील, चालत जातील!

"परवानगी?" अनिकेतने विचारलं. तो डोंबिवलीचा, पण एव्हाना अर्धा डच झाला होता.

मी खेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. तिकडच्या बाईने विचारलं, रंग आहे का? नाही म्हटलं. चुना? नाही. मग काय? आणि मग मी, अतिशय अभिमानाने, तिला आपली संस्कृती समजावून सांगितली. आमच्याकडे दारापुढे रांगोळी काढतात, आणि जुनी खरी रांगोळी तांदळाच्या पिठाची असते, कारण त्यावर मुंग्यांना, चिमण्यांना, सगळ्या जीवांना खायला मिळतं. ती बाई हेलावली. म्हणाली, किती सुंदर, निसर्गाला पूरक, करा, पावसाने जाईलच.

हे सगळं मी खिडकीत उभी राहून बोलत होते. समोर तळ्यात पांढऱ्या हंसांचा तांडा पोहत होता. चित्रातले मान वाकवणारे नव्हेत, ते जाडजूड, माणसाच्या अंगावर फिस्कारत येणारे, सोसायटीच्या वॉचमनसारखे हंस. मी त्यांच्याकडे बघत बघत "सगळ्या जीवांना" म्हणाले. टेस्टर!

भारतीय दुकानातलं तांदळाचं पीठ आम्ही जवळजवळ संपवलं. दुकानदार म्हणाला, "शादी है क्या?" मी म्हणाले, "घोडा है." त्याने पुढे विचारलं नाही. अनिकेतने फोटोवरून एक्सेलमध्ये चौकटी पाडल्या. मी म्हटलं, अरे ही तर ठिपक्यांची रांगोळी! मग उतारावर काड्या रोवून ठिपके केले आणि ठिपक्याला ठिपका जोडत गेलो. मे महिन्यातली शनिवारची संध्याकाळ, इकडे तेव्हा उजेड संपता संपत नाही. अनिकेत खालून ओरडायचा, "मान बारीक! अगं मान बारीक, जिराफ नाहीये तो!" जवळून काही कळतच नाही. नुसता पांढरा रस्ता. कुमुदताई नेहमी सांगायच्या की घोड्यावर बसलेल्याला घोडा दिसत नाही, ते त्या दिवशी कळलं. शेपूट मी काढलं. खाली उतरून बघितलं तर, खोटं कशाला सांगू, घोडा होता. जरा डाएटची गरज असलेला, पण घोडा. खिडकीतला पडदा मी आधीच ओढून ठेवला होता. कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली होती. म्हटलं, सकाळी काढू फोटो.

सकाळी मला जाग आली ती खालून आलेल्या हाकेने.

"टायपिस्ट! ए टायपिस्ट! खाली ये, घोडा हलतोय!"

मला वाटलं, गोळ्यांचा परिणाम. धडपडत जिना उतरले. कुमुदताईंनी पडदा स्वतःच उघडला होता आणि काचेला नाक लावून उभ्या होत्या. उभ्या! मी बाहेर पाहिलं.

घोडा खरंच हलत होता. सगळा तांडा उतारावर चढला होता आणि पिठाच्या रेघेवर एकामागे एक उभा राहून, माना खाली घालून, नाश्ता करत होता. रेघ सोडून एकही नाही. मानेवर हंस, पाठीवर हंस, चारही पायांवर हंस. पांढराशुभ्र घोडा, हळूहळू पुढे सरकणारा, मध्येच पंख फडफडवणारा.

"चरायला निघालाय," कुमुदताई अगदी हळू म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, सात-आठ वर्षांच्या मुलीसारखा. मग चष्मा पुसला, परत पाहिलं.

"कशाने काढलात गं?"

"तांदळाच्या पिठाने."

"तळ्याकाठी?"

"...हो."

"इंजिनिअर ना तू?"

मी काही बोलणार तेवढ्यात उजवीकडची टोळी घोड्याच्या मागच्या अंगाला पोचली, आणि कुमुदताई किंचाळल्या, "शेपूट! अगं माझं शेपूट खातायत!"

पुढचं फार पटकन झालं. त्यांनी गाउनवर दाराजवळ टांगलेला भगवा रेनकोट चढवला, कुबड्या घेतल्या आणि दार उघडून निघाल्या. मी मागे, अनवाणी. तळ्याला वळसा, लाकडी पूल, ओलं गवत, आणि या पुढे, "हाड! हाड! हुसका त्यांना, बघतेस काय!" एक कुबडी हवेत. हंस फिस्कारले, कुमुदताई त्याहून जोरात फिस्कारल्या, आणि मी सांगते, हंस घाबरले. पूर्ण तांडा केकाटत तळ्यात.

त्या शेपटाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. पीठ जवळपास संपलेलं, काड्या आडव्या झालेल्या. खाली बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडणार. मी पण तयारीतच होते.

"चुकलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शेपूट. फार जाड काढलंस. आणि वळण कुठाय? पाठीची रेघच पुढे वाहत जाऊन शेपूट होते, वेगळं चिकटवायचं नसतं. कोल्ह्याचं वाटतंय." मग मागे वळून घराकडे बघितलं. घर बरंच लांब होतं, तळ्याच्या पार पलीकडे. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "इथवर कोणी आणलं मला?"

परत जाताना आम्हाला खूप वेळ लागला. पण त्या चालत गेल्या.

सोमवारी मार्लूसने सुजलेला गुडघा बघून विचारलं की ओल्या उतारावर चढायला कुणी सांगितलं. "हंसांनी," कुमुदताई म्हणाल्या आणि स्वतःहून पाय वाकवून दाखवला. त्याच दिवशी इंग्लंडला फोन गेला. मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती: नाही, आराम झाला. हो, स्टुलावर बसून. त्या मुलाला कान द्या, कान लहान आहे, शिकायला बरा.

मग रोज बांधापर्यंत जाणं सुरू झालं. आधी कुबड्या, मग काठी. बघायला एक कारणही होतं. हंसांनी नाश्त्याच्या जागीच बाकीचेही विधी उरकले होते, आणि त्या खतावर काही आठवड्यांत गवत असं तरारलं की बांधावर गडद हिरवा घोडा उगवला. हिरव्यावर हिरवा. शेजारचे लोक कुत्री फिरवताना थांबून बघायचे. एक आजोबा मला म्हणाले की ही खूण फार जुनी आहे, त्यांच्या लहानपणापासून ते बघतायत. बांध त्यांच्या लहानपणी नव्हताच! मी धावत येऊन कुमुदताईंना सांगितलं.

"दुरुस्त नाही ना केलंस त्यांना?" त्यांनी विचारलं.

"नाही. करायचं होतं?"

"मुळीच नाही. आख्यायिका अशाच सुरू होतात. आधी कुणीतरी गाढवपणा करतं, मग दुसरं कुणीतरी तो जुना आहे म्हणतं."

गाढवपणा करणारं कुणीतरी म्हणजे मी. तीन हजार वर्षांच्या परंपरेत माझं स्थान हे.

उन्हाळ्याच्या शेवटी मी त्यांना हूक फान हॉलंडच्या बंदरावर सोडायला गेले. माझंही इथलं काम संपत आलं होतं, त्या परत येईपर्यंत मी पुण्यात असणार होते. चिंचवडमध्ये, बरं. मी त्यांच्या बॅगेत गुपचूप एक भेट सरकवून ठेवली होती. तिकडे पोचून उघडतील, हसतील, माझी आठवण काढतील, असा माझा रम्य बेत.

तपासणीच्या मशीनमधून बॅग गेली आणि थांबली. उंचापुऱ्या डच गार्डने आतून आधी लोखंडी बत्ता काढला. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, पांढरी, बारीक, लेबल नसलेली पूड.

हॉलंडच्या बंदरावर. मी सुटं तांदळाचं पीठ भरलं होतं. सुटं!

गार्डने एका हातात बत्ता, एका हातात पूड धरून कुमुदताईंकडे पाहिलं. कुमुदताईंनी सावकाश वळून काचेपलीकडे माझ्याकडे पाहिलं. आणि बोट दाखवलं. मी हात जोडले.

मग त्या त्याला सांगायला लागल्या. काचेतून आवाज येत नव्हता, पण मला प्रत्येक वाक्य कळत होतं. हा डोंगर. हा खडू. बत्ता हवेत, असा कुटायचा. राजाला हाताने झटकून टाकलं. मग तळं, मग दोन्ही हातांचे पंख, मग मान खाली घालून पीठ टिपणारे हंस. मागे रांग वाढत होती, लोक घड्याळं बघत होते. दुसरा गार्ड आला तो रागवायला, आणि ऐकत उभा राहिला. पहिल्याने पिशवी उघडून वास घेतला, हसला, पिशवी परत ठेवली, बत्त्याला चिठ्ठी चिकटवून तो बोटीवरच्या माणसाकडे दिला. मग त्याने बोटीकडे चढणाऱ्या लांब रस्त्यावरून न्यायला चाकांची खुर्ची पुढे केली.

कुमुदताईंनी त्या खुर्चीकडे बघून त्याला काहीतरी सांगितलं. काय ते नाही कळलं, पण तो माणूस लगेच बाजूला झाला आणि त्याने आपली टोपी सरळ केली.

मग त्या निघाल्या. भगवा रेनकोट, काठी बगलेत, पाय मोजूनमापून. एकदा थांबल्या, मला वाटलं आता वळतील. तर भिंतीवरचा नकाशा बघत होत्या. बोटाने त्यावर काहीतरी टकटक केलं, गार्डच्या दिशेने मान नकारार्थी हलवली, आणि पुढे गेल्या.